कावळ्यांनी ओळखलेला लेखक

माझे साडू कावळ्यांवर लिहितात असं कुणाला सांगितलं, की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग आभाळाकडे बघतो आणि मग विषय बदलतो. पण खरंच लिहितात. दर शुक्रवारी निघणाऱ्या एका साप्ताहिकात, शेवटून दुसऱ्या पानावर, 'हरवले आहे' आणि 'जुनी कपाटे विकत घेऊ' यांच्या मधोमध त्यांचं सदर असतं. सदराचं नाव 'काकविज्ञान'.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. दोन सख्ख्या बहिणी जन्मभर ज्यांची तुलना करत बसतात, त्या दोन पुरुषांना साडू म्हणतात. या तुलनेत मी कायम खाली, कारण साडूभाऊ 'शास्त्राच्या लाइनीत' आणि मी आपला वखारीत लाकडं मोजणारा. तेव्हा पुढे कुठे जरा आंबट लागलं तर ते त्या खात्यातलं समजा आणि पुढे वाचा.

त्यांची शास्त्राची लाइन म्हणजे एका मोठ्या शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, बरणीतल्या सापावरचं औषध आटलं की वरून भर घालायची. एवढ्या काळात विज्ञानाचे नऊ शिक्षक आले आणि गेले. प्रयोगाची सगळी मांडामांड साडूभाऊंनी करायची आणि नेमका धूर निघायच्या वेळी शिक्षकांनी पुढे होऊन "बघा मुलांनो" म्हणायचं. धूर नाही निघाला, तर मागे वळून "अहो, हे काय दिलंत?" शिक्षकांना सगळे 'सर' म्हणत, साडूभाऊंना 'अहो'. शाळेत अहो, घरी बायकोचंही अहो. घरचं 'अहो' निदान पहिली काही वर्षं तरी गोड असतं.

नोकरी संपली तेव्हा त्यांच्या मनात एकच गोष्ट उरली होती. आपल्या नावाचं एक पुस्तक निघावं, विज्ञानाचं, आणि ते वाचून कुणीतरी आपल्याला 'सर' म्हणावं. घर, पेन्शन, गुडघे, सगळं ठीकठाक होतं. एवढंच राहिलं होतं.

सदर मिळालं ते नशिबानं. साप्ताहिकात राशिभविष्य लिहिणारा गृहस्थ एक दिवस कुणालाही न सांगता गाव सोडून गेला. त्याला पुढचं काहीतरी दिसलं असावं. संपादकांचं ऑफिस सायकलच्या दुकानाच्या माडीवर. तिथे ते अर्धा कॉलम रिकामा घेऊन डोक्याला हात लावून बसले होते, आणि साडूभाऊ जिना चढून हजर. "कावळ्यावर लिहितो," म्हणाले. संपादक म्हणाले, "कशावरही लिहा, पण संध्याकाळपर्यंत द्या."

आता खरं सांगायचं तर माहिती पक्की असायची. साडूभाऊ रोज वाचनालयात जायचे, परदेशी मासिकं काढायचे, शेजारी जाडजूड शब्दकोश ठेवायचे आणि ओळ न ओळ उतरवून काढायचे. कुठल्याशा दूरच्या बेटावरचे कावळे काटक्या वाकवून आकडा करतात आणि लाकडातल्या अळ्या बाहेर ओढतात. कुठे कावळे अक्रोड रस्त्यावर टाकतात, गाडीच्या चाकाखाली तो फुटला की सिग्नल लाल व्हायची वाट बघून गर वेचतात. पाण्याच्या नळीत खाऊ तरंगत असला आणि चोच पोहोचत नसली, तर खडे टाकून पाणी वर आणतात. हे सगळं शास्त्रज्ञांनी करून पाहिलेलं आहे. फक्त साडूभाऊंच्या हातून उतरलं की त्याची भाषा अशी व्हायची: 'अहो मानवा! या कृष्णवर्णी मित्राकडून तू काय बोध घेणार?' मानव बिचारा बोध कसला घेतो, तो शेजारची कपाटांची जाहिरात वाचायचा.

ही खड्यांची गोष्ट छापून आली तेव्हा माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. तिनं कट्ट्यावर एका उंच पेल्यात पाणी ठेवलं, वर पावाचा तुकडा टाकला, शेजारी खडे ठेवले. कावळा आला. त्यानं खड्यांकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, पेला चोचीनं ढकलून आडवा केला आणि पाव घेऊन गेला.

"अहो, तुमच्या शास्त्रज्ञांना सांगा," ती म्हणाली, "पेला बांधून ठेवा म्हणावं."

"ते प्रयोगात बांधलेलेच असतात!" साडूभाऊ आतून ओरडले. "आणि ती खिडकी लाव. तो बाहेरचा कावळा हाकल आधी, मी कावळ्यांवर लिहितोय!"

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. वर्षभर कावळ्यांवर लिहिणाऱ्या या माणसानं कावळ्याकडे मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. कावळा म्हणजे वाचनालयात, दुसऱ्या मजल्यावर, डावीकडच्या कपाटात.

पन्नासावं सदर जवळ आलं तशी संपादकांनी टूम काढली: या वेळी लेखकाचा फोटो, हातात कावळा. आणि पन्नास झाली की पुस्तक काढू. साडूभाऊंना आभाळ ठेंगणं झालं. पण जिवंत कावळा फोटोसाठी हातावर येऊन बसणार थोडाच! तेव्हा ते आपल्या जुन्या शाळेत गेले आणि प्रयोगशाळेच्या कपाटातून पेंढा भरलेला कावळा मागून आणला. काचेचे डोळे, त्यातला एक गेलेला. डांबराच्या गोळ्यांचा वास.

पिशवीत घातला तर शेपटी मोडेल म्हणून शाळेपासून घरापर्यंत, वीस मिनिटं भर रस्त्यानं, त्यांनी तो दोन्ही पाय धरून उलटा लटकवत आणला. मग गच्चीवर फोटोवाल्याने अर्धा तास घेतला. मला उन्हाचा उजेड परतवायला एक पांढरी चादर धरून उभं केलं होतं. मी चादरीमागे, फोटोवाला कॅमेऱ्यामागे आणि उघड्या चेहऱ्याचे एकटे साडूभाऊ, हातात मेलेला कावळा.

पहिल्या दहा मिनिटांत समोरच्या तारेवर चार कावळे होते. विसाव्या मिनिटाला मी मोजायचं सोडून दिलं. टाकीवर, कठड्यावर, शेजारच्या छपरांवर नुसतं काळं. आणि तो आवाज! लाकूड करवतीत अडकल्यावर जो होतो ना, तसा, पण शेकडो करवतींचा.

"साडूभाऊ," मी चादरीतून म्हणालो, "हे रागावलेत वाटतं."

"तुम्हाला शास्त्रातलं काय कळतंय? स्वागताचा स्वर आहे हा. ओळखलंय त्यांनी मला."

दुसरं वाक्य अगदी बरोबर होतं.

सत्तेचाळिसाव्या सदरात, म्हणजे तीनच आठवड्यांपूर्वी, याच माणसानं लिहिलं होतं: मेलेला कावळा हातात घेतलेला माणूस कावळ्यांनी पाहिला, की ते त्याचा चेहरा ध्यानात ठेवतात. वर्षानुवर्षं ठेवतात. दिसला की आरडाओरडा करतात, झडप घालतात, आणि ज्यांनी काही पाहिलेलं नाही अशा कावळ्यांनाही तो माणूस दाखवून देतात. स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. पण हातातली वस्तू मेलेला कावळा आहे हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. एकतीस वर्षं तिच्यावरची धूळ झटकली होती, त्यांच्या लेखी तो 'नमुना क्रमांक सतरा' होता. ही चूक तुम्ही-आम्ही केली नसती. त्याला प्रयोगशाळेतच म्हातारं व्हावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी पेपर घ्यायला गेले आणि टाळक्यावर टक्कन चोच बसली. साडूभाऊंचं टक्कल असं स्वच्छ आहे, की नेम चुकायला जागाच नाही. एक्कावन्नाव्या सदरात त्यांनी लिहिलं, 'काकमित्रांनी गच्चीवर माझे स्वागत केले.' बावन्नाव्यात लिहिलं, 'कावळा हा आपल्या आवडत्या माणसास प्रेमाने टिचकी मारतो.' त्रेपन्नाव्याच्या वेळी डोक्याला पट्टी होती, त्यामुळे अक्रोडाचीच गोष्ट पुन्हा छापली.

दोन घरं पलीकडे एक निवृत्त पोस्टमन राहतो. जन्मभर लोकांची पत्रं न वाचता पोहोचवली, त्याची भरपाई म्हणून आता छापलेला प्रत्येक कागद वाचतो. साडूभाऊंची सगळी सदरं त्यानं कापून ठेवलेली. तो एक दिवस फाटकाशी उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "सत्तेचाळीस नंबरात तुम्हीच लिहिलंय, की कावळे उगाच कुणाच्या मागे लागत नाहीत. मग तुम्ही केलंत काय?"

"काही नाही केलेलं!"

"मग तुमचं शास्त्र खोटं. नाहीतर तुम्ही खोटे. दोन्हींतलं काय लिहून घेऊ?"

शास्त्र खोटं म्हणावं तर पुस्तक बुडालं, आणि खरं म्हणावं तर आपण कावळामारे. गल्लीनं आपला निकाल लगेच लावून टाकला. न्हाव्यानं विचारलं, "नेहमीसारखं करू, का वरच्यांनी केलंय तेवढं पुरे?" वाचनालयात लोक खुर्ची घेऊन लांब बसायला लागले, न जाणो एखादी चोच चुकून आपल्याला! आणि संपादकांनी माडीवर बोलावून सांगितलं, "लोक म्हणतायत, कावळ्यांवर लिहिणाऱ्याने कावळे मारले. असं पुस्तक मी कसं काढू? एक करा. विद्यापीठातल्या त्या पक्षीवाल्या बाई आहेत, त्यांची प्रस्तावना आणा. त्यांचं नाव दिसलं की सगळ्यांची तोंडं बंद. नाही आणलीत, तर पुस्तकाचं विसरा."

साडूभाऊंनी पत्र पाठवलं, चार पानी. 'गेले वर्षभर मी काकवृंदाच्या निकट सहवासात आहे' वगैरे. तशी एका अर्थानं थाप नव्हतीच ती, सहवास निकटच होता. बाईंचं उत्तर आलं तीन ओळींचं. रविवारी सकाळी सातला येते, जिथे उभं राहून कावळे बघता ती जागा दाखवा, नोंदवही काढून ठेवा, मग प्रस्तावनेचं बोलू.

नोंदवही! ती त्यांनी कधी ठेवलीच नव्हती. पण वहीपेक्षा मोठी पंचाईत होती गच्चीची. बाईंना गच्चीवर नेलं की कावळे येणार, आणि कावळ्यांचं मत काय आहे ते बाईंना भाषांतर करून सांगायची गरज नव्हती.

त्यांनी सगळं करून पाहिलं. टोपी घातली, छत्री घेतली. शेजारच्या पोराचं हेल्मेट आणलं. बायकोची साडी नेसून पदर डोक्यावरून घेतला. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि अजून एकटा असलो की आठवून हसतो. कावळ्यांनी पदरासकट ओळखलं. चेहरा तोच ना!

शेवटी पुन्हा शाळा. तिथल्या नाटकाच्या पेटीतून त्यांनी कागदाच्या लगद्याचा एक मुखवटा आणला. पांढऱ्या मिशांचा, लाल गालांचा, कुणीतरी म्हातारा राजा. तो लावून गच्चीवर गेले आणि काय आश्चर्य, कावळे गप्प! एकानं तर जवळ येऊन शेपटी साफ केली. त्या आठवड्यात साडूभाऊ पाव आणायलाही राजा होऊन जात होते.

"भावजी, तुम्हीच सांगा यांना," मेहुणी मला म्हणाली. "बेकरीवाल्यानं काल यांना मुजरा केला."

रविवारी मला साडेसहालाच बोलावणं. माझं काम एवढंच, की बाहेरच्या खोलीत चष्मा लावून बसायचं आणि विद्वान दिसायचं. "तुम्ही बोलू नका," साडूभाऊ म्हणाले, "नुसती मान हलवा." त्यांचा बेत असा, की बाईंना खोलीतच बसवायचं, चहा, सदरांची कात्रणं, पुन्हा चहा, आणि गच्चीचा विषय निघाला तर जिन्याची पायरी निसटली आहे म्हणायचं.

बाई पावणेसातलाच आल्या. केस कापलेले, पायात चिखलाचे बूट, पाठीवर पोतं वाटावं एवढी पिशवी. वय चाळीसच्या आसपास. भिंतीवर साडूभाऊंचा तो फोटो चौकट करून लावला होता. बाईंनी त्याच्यासमोर क्षणभर थांबून डोळे जवळ नेले.

"बसा, चहा..."

"नंतर. वर कुठून जायचं?"

"पायरी जरा..." म्हणेपर्यंत बाई निम्मा जिना चढून गेल्या होत्या. एकदा साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, कारण तेवढंच सांगितलं होतं. मग त्यांनी दारामागचा मुखवटा ओढला, डोक्यावर चढवला आणि राजा जिना चढून वर गेला. मागून मी, माझ्यामागून मेहुणी.

बाईंनी मागे वळून राजाला पाहिलं, आणि मला वाटलं आता या किंचाळणार. पण बाईंचा चेहरा असा फुलला, की साडूभाऊंच्या लग्नातसुद्धा त्यांच्याकडे बघून कुणाचा तसा फुलला नसेल.

"मुखवट्याचा प्रयोग!" त्या म्हणाल्या. "चेहरा बदलला की कावळे ओळखतात का, ते तुम्ही इथे बघताय? एकटे? सर, हे मला पत्रात का नाही लिहिलंत?"

सर. एकसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा. मुखवट्याआडून एक बारीकसा आवाज आला, कुत्र्याच्या पिल्लाला दूध दाखवल्यावर येतो तसा. आणि साडूभाऊ म्हणाले, "म्हटलं, प्रत्यक्षच दाखवावं."

"किती दिवस चाललाय?"

"तीन... महिने."

"आणि उघड्या चेहऱ्यानं?"

"उघड्या चेहऱ्याला काही नाही. मित्रच आहेत. अंगाखांद्यावर खेळतात."

"मग काढा," बाई म्हणाल्या. "फरक बघितल्याशिवाय प्रयोग कसला?"

राजा हलेना. तारेवर सहा-सात कावळे होते, निवांत. बाई वही उघडून, पेन्सिल टेकवून वाट बघत होत्या. मी साडूभाऊंच्या हातांकडे बघत होतो. मुखवट्याच्या कडेला बोटं लावत होते आणि काढून घेत होते. इथून 'बरं नाही' म्हणून खाली जाता आलं असतं. पण मग बाईंनी 'सर' पुन्हा खिशात घातलं असतं. माणूस एका शब्दासाठी काय काय करतो! त्यांनी डोळे मिटले असावेत, आणि मुखवटा काढला.

पुढचं मी नीट पाहिलं नाही, कारण मी टाकीमागे होतो. आवाज ऐकला. सहा-सातांचे साठ-सत्तर व्हायला फार वेळ लागला नाही. साडूभाऊ दोन्ही हात डोक्यावर घेऊन गोल गोल फिरत होते, आणि बाई त्या गदारोळात शांत उभ्या राहून लिहीत होत्या. त्यांना एकही कावळा शिवला नाही.

मेहुणीनं पुढे होऊन यजमानांच्या तोंडावर राजा दाबून बसवला. हळूहळू शांत झालं.

"काय केलंत तुम्ही यांना?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," राजा म्हणाला.

"खाली फोटो आहे ना लावलेला. त्यातला कावळा जिवंत नाही. एक डोळा काचेचा आहे आणि दुसरा नाहीच. कुठे काढला तो?"

मग मेहुणीच म्हणाली, "इथेच. अर्धा तास धरून उभे होते. त्याआधी शाळेपासून उलटा लटकवत आणला."

मुखवट्यातून आलं, "अगं, तो नमुना होता."

"तुमच्यासाठी," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. मीच हसलो. "तारखा आहेत का कुठे? कुठल्या दिवशी काय झालं? नोंदवही?"

साडूभाऊंनी काखा वर केल्या. तेव्हा मेहुणी खाली गेली आणि स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट काढून घेऊन आली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात: 'टोपी. दोनदा.' 'छत्री. आले पण टेकले नाहीत.' 'माझी साडी. चारदा. साडीला भोक.' 'राजा. काही नाही.' 'राजा. काही नाही.' 'विसरून तसेच गेले. सातदा. त्यात वाकड्या बोटाची तीनदा.'

"ही वाकड्या बोटाची कोण?"

"ती समोरच्या झाडावरची. तिचा नवरा खांबावर बसतो, तो नुसता ओरडतो, मारत नाही. मारतात त्या ती आणि तिची मागच्या वर्षीची दोन पोरं." मेहुणी जरा लाजली. "औषधाची बाटली किती दिवस पुरते ते कळावं म्हणून लिहायला लागले. मग आपली सवय लागली."

बाईंनी ते कॅलेंडर दोन्ही हातांत धरलं. साडूभाऊंच्या पन्नास कात्रणांना त्यांनी हात लावला नव्हता.

चहा खाली झाला. बाई सरळ बोलल्या. "अहो, तुमची सदरं मी येण्याआधीच वाचली. त्यातलं एकही कावळ्याकडून आलेलं नाही. त्याला मी प्रस्तावना लिहिणार नाही. पण हे कॅलेंडर छापा. फोटो कसा काढला, तुमचं काय चुकलं, ते तसंच्या तसं लिहा. मी प्रस्तावना देते. दोघांची नावं घालायची."

सर गेलं, अहो परत आलं. साडूभाऊ कपातल्या चहाकडे बघत बसले.

"लोक हसतील," ते म्हणाले.

"आत्ता काय रडतायत?" मेहुणी म्हणाली.

"एकतीस वर्षं नोकरी केली मी. शाळेतली मुलं वाचतील, की अहोंनी पेंढ्याचा कावळा घेऊन..." आणि त्या एका वेळी, खरं सांगतो, मला हसू आलं नाही. दोन मिनिटं आलं नाही.

बाई निघून गेल्या. साडूभाऊंनी तीन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर टेबलाशी बसले होते, डोक्याला पट्टी, समोर कोरा कागद. "माझं नाव वर," एवढंच म्हणाले.

"वरच घाला," मेहुणी भांडी पुसत म्हणाली. "चोचीही वरच बसल्यात."

पुस्तक निघालं. पुस्तक कसलं, अठ्ठेचाळीस पानं. पण त्यात 'अहो मानवा' एकदाही नाही. पहिलंच वाक्य असं: 'मी एक मेलेला कावळा उलटा धरून भर रस्त्याने वीस मिनिटे चाललो आणि तो मेलेला आहे हे माझ्या लक्षात आले नाही.' लोक हसले, पोट धरधरून हसले, आणि वाचलं. पोस्टमनने सहा प्रती घेतल्या. वाचनालयात खुर्च्या पुन्हा जवळ आल्या. हसायला जवळच यावं लागतं. संपादक आता सांगत फिरतात की कल्पना मूळची त्यांची.

बाईंना मात्र हवं होतं पुढचं. कावळे किती वर्षं लक्षात ठेवतात हे त्यांना इथेच मोजायचं होतं. तेव्हापासून ठरलं, की महिन्यातून एकदा रविवारी सकाळी दहा मिनिटं साडूभाऊंनी उघड्या चेहऱ्यानं गच्चीवर उभं राहायचं आणि मेहुणीनं जिन्याच्या दारातून नोंद करायची. याला चौथं वर्ष चालू आहे. वाकड्या बोटाची आता दिसत नाही, पण तिची पोरं आहेत.

परवाच्या रविवारी मी गेलो होतो. बाईही आल्या होत्या. टाकीच्या कडेवर एक पिल्लू होतं, घरट्यातून बाहेर पडून चार दिवस झालेलं, तोंड आतून अजून गुलाबी, शेपटी आखूड. त्यानं ना फोटो पाहिला ना नमुना. त्याची आई साडूभाऊंकडे बघून ओरडली. पिल्लानं आईकडे पाहिलं, साडूभाऊंकडे पाहिलं, मान खाली घातली आणि फुटक्या आवाजात तेच ओरडलं. बाईंनी माझा दंड असा दाबला की अजून दुखतोय.

"शिकलं!" त्या पुटपुटल्या. "आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर शिकलं!"

"म्हणजे मी गेल्यावरसुद्धा यांच्यात माझं नाव निघणार," साडूभाऊ म्हणाले. ते मान वर करून त्या पिल्लाकडे टक लावून बघत होते. तक्रारीचा सूर नव्हता तो.

"अहो, दहा मिनिटं झाली," मेहुणी दारातून म्हणाली. "या आत."

"थांब गं जरा. अजून बोलतंय ते."

ते काय बोलत होतं हे गच्चीवरच्या आम्हा चौघांनाही समजत होतं, पण कॅलेंडरच्या चौकोनात मेहुणीनं नुसतं 'पिल्लू. बराच वेळ.' एवढंच लिहिलं. बाकीचं छापण्यासारखं नव्हतं.